पथकप्रमुख बारा दिवसांत घडत नाही

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
कोकण व पश्चिम महाराष्ट्रातील सर्व जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणे

विषय : गावोगावच्या बचाव पथकांचा सराव, साहित्याची निगा आणि पथकप्रमुखाचे अधिकार

सप्रेम नमस्कार.

३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर आला, तेव्हा गाव जागेवर नाही ही खबर नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाने दिली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, ते पहिल्यांदा लक्षात आलं पुलाजवळच्या गॅरेजात काम करणाऱ्या माणसाच्या. २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड कोसळली त्या दिवशी महाड पुराच्या पाण्यात होतं, बाहेरची पथकं पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली. तिथे गाडीरस्ताच नव्हता. पायवाटेने चढून जावं लागलं, जेसीबी वर नेता आला नाही, आणि चढताना अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने जीव गेला.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुणे जिल्ह्यात सुदुंबरेला आहे, राज्याच्या दलाचे तळ धुळ्याला आणि नागपूरला. पावसाळ्यात तुकड्या पुढे आणून ठेवता, हे आम्ही पाहतो. तरीही वरंध, आंबेनळी, कुंभार्ली हे घाट एकाच रात्री बंद झाले तर पहिले काही तास गावाकडे गावाशिवाय कोणी नसतं. त्या तासांत पुढे होणाऱ्या माणसांविषयी हे पत्र आहे. ही माणसं तयार कशी होतात आणि कशाने गळतात, हे आम्ही त्यांना शिकवतो म्हणून आम्हाला माहीत आहे.

स्वयंसेवकांना बचावकाम शिकवणाऱ्या आपदा मित्र योजनेचं आम्हाला कौतुक आहे. २०१६ मध्ये देशातल्या ३० पूरप्रवण जिल्ह्यांत ती सुरू झाली, पुढे ३५० जिल्हे आणि एक लाख स्वयंसेवकांपर्यंत वाढली. १२ दिवसांचं प्रशिक्षण, ओळखपत्र, विमा आणि लाइफ जॅकेट, हेल्मेट, टॉर्च, गमबूट असं साहित्य मिळतं. यापूर्वी गावातल्या पोरांना एवढंही कोणी दिलं नव्हतं. आमचं म्हणणं तेराव्या दिवसाबद्दल आहे. १२ दिवसांत माणसाला गाठी मारता येतात, स्ट्रेचर धरता येतो, छातीवर दाब देता येतो. पथक चालवता येत नाही. त्याला पाच-सहा पावसाळे जातात, आणि त्या पावसाळ्यांची सोय कुठल्याही आराखड्यात नाही.

पथकप्रमुख कसा घडतो ते सांगतो. पहिल्या पावसाळ्यात पोरगा दोर वाहतो, स्ट्रेचरला खांदा देतो आणि रस्त्यावर उभा राहून गाड्या अडवतो. हे शेवटचं काम कोणाला नको असतं, पण घाटात अपघात झाला की पहिला धोका मागून येणाऱ्या गाडीचाच. वळणाच्या वरच्या बाजूला, ड्रायव्हरला थांबायला वाव मिळेल एवढ्या अंतरावर फांद्या टाकून, टॉर्च घेऊन माणूस उभा करावा लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्याला अँकर, म्हणजे दोर ज्याला अडकवतात तो आधार, बांधू देतात, पण तपासतो दुसरा. चौथ्या वर्षी तो दुसऱ्याचा अँकर तपासतो. त्यानंतर त्याला सगळ्यात अवघड गोष्ट शिकावी लागते. दरीच्या काठावर नातेवाईक रडताहेत, खाली धुकं आहे, पाऊस थांबत नाही, खालून आवाज येत नाही, अशा वेळी ‘आत्ता उतरायचं नाही, पहाटे उतरू’ असं सांगणं.

२८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या लोकांची बस दरीत गेली, ३० जण गेले. अशा दरीतलं काम दोन प्रकारचं असतं. जिवंत माणसासाठी पथक जो धोका पत्करतं, तो मृतदेह वर काढण्यासाठी पत्करायचा नसतो. वाक्य ऐकायला कठोर वाटतं, पण ते पाळलं नाही तर मृतांच्या यादीत पथकातलंच एखादं नाव येतं. हा निर्णय एकट्या पथकप्रमुखाच्या खांद्यावर टाकू नका. तहसीलदार किंवा ठाणेदार शेजारी उभे राहून ‘यांचा निर्णय तोच आमचा निर्णय’ एवढं बोलले तरी जमाव मागे सरतो. ते बोलायला कोणी नसेल तर २५ वर्षांचा पोरगा दबावाखाली रात्री दोर टाकतो. म्हणून पहिली मागणी पैशाची नाही. प्रत्येक पथकाचा प्रमुख आणि उपप्रमुख तालुक्याच्या आराखड्यात नावानिशी लिहा, आणि ‘उतरायचं की नाही’ हे ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे असं लेखी आदेशात नमूद करा.

आता साहित्याकडे येतो, कारण पथकं मोडतात ती इथेच.

दोर ही फसवी वस्तू आहे, निकामी झाल्यावरही तो चांगलाच दिसतो. बचावकामाचा स्टॅटिक (फारसा न ताणणारा) दोर म्हणजे बाहेर विणलेलं कवच आणि आत भार पेलणारा गाभा. ११ मिलिमीटरचा नवा दोर किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे साधारण सव्वादोन टन भार पेलतो. आठाची गाठ मारली की त्यातला पावभर जोर जातो, भिजला की आणखी थोडा. हे सगळं हिशेबात धरलेलं असतं. हिशेबात नसतं ते गावातलं. दोर ग्रामपंचायतीच्या खोलीत इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी ठेवला जातो. बॅटरीतल्या आम्लाच्या वाफेने किंवा दोन थेंबांनी नायलॉन आतून जळतं आणि बाहेर डागही दिसत नाही. चिखलात रुतलेला ट्रॅक्टर त्याच दोराने ओढतात. गणपतीच्या मांडवाला ताण द्यायला तोच लागतो. पावसात वापरून ओलाच पोत्यात भरतात, किंवा वाळवायला चैत्राच्या उन्हात गच्चीवर टाकतात आणि दोन महिने विसरतात.

दोर तपासायचा तो हाताने. एक टोक धरून वीतवीतभर दोर बोटांतून सरकवायचा, प्रत्येक वितीला थोडा वाकवून पाहायचा. निरोगी दोर वाकवला की गोल कमान करतो. आतला गाभा दुखावला असेल तिथे तो मोडल्यासारखा दुमडतो, बोटांना पोकळ किंवा चपटा लागतो. कवचाचा कापूस निघालेला, चकाकी आलेला म्हणजे घर्षणाने वितळलेला, कडक झालेला भाग दिसला की खूण करायची. साठ मीटरचा दोर असा तपासायला पाऊण तास लागतो. तो पाऊण तास कोणाला कंटाळवाणा वाटत असेल तर त्याला दोराला हात लावू देऊ नये.

त्यासाठी प्रत्येक दोराची वही हवी. कधी बनला, कधी आला, कुठे वापरला, किती माणसांचा भार आला, झटका बसला का, कोणी तपासला, सही. जोराचा झटका बसलेला किंवा आम्ल लागल्याचा संशय असलेला दोर त्याच दिवशी बाद. दर पावसाळ्यात नेमाने वापरला जाणारा तीन ते पाच वर्षांत बाद. अजिबात न वापरलेलाही दहा वर्षांनी बाद. आणि बाद केला की त्याचे दोन-दोन मीटरचे तुकडे करायचे, गुरं बांधायला वाटून टाकायचे. अख्खा ठेवला तर पुढच्या जुलैत घाईच्या वेळी तोच कोणाच्या तरी हाताला लागतो. पण तुकडे करायला पोरं धजावत नाहीत, कारण सरकारी वस्तू नष्ट केली म्हणून विचारणा होईल ही भीती. सरकारी साहित्याच्या जडवस्तू नोंदवहीत दोर, स्लिंग (आधाराला गुंडाळायचा पट्टा), लाइफ जॅकेट या वस्तू ‘ठरावीक आयुष्याच्या’ म्हणून धरा आणि बाद करण्याचा अधिकार पथकाला द्या. या एका परिपत्रकाने जीव वाचतील, असं आम्ही जबाबदारीने लिहितो.

अँकरबद्दल दोनच गोष्टी, कारण बाकी प्रशिक्षणात येतात. दोन आधारांवरून भार घेताना मधला कोन ६० अंशांच्या आत ठेवला तर प्रत्येक आधारावर भाराचा साधारण ५८ टक्के भाग येतो. कोन १२० अंशांवर गेला की प्रत्येक आधारावर अख्खा भार येतो आणि दोन आधार घेण्याचा अर्थच उरत नाही. दुसरं, झाड ओळखता आलं पाहिजे. आईन किंवा किंजळ जिवंत, मांडीपेक्षा जाड, मुळं कातळात गेलेली असेल तर बुंध्याशी अगदी खाली स्लिंग घालावी. पांगारा आणि सावर कितीही जाड दिसले तरी नकोत, लाकूड मऊ असतं. जांभ्याची धार पावसात हातात चुरते, तिथे दोराखाली जुन्या फायर होजचा चिरलेला तुकडा टाकावा. तुमच्या अग्निशमन केंद्रात असे बाद होज पडून असतात. गावाला मीटरभराचे चार तुकडे मिळाले तर कोणाचंच काही जात नाही.

होडीचं दुखणं वेगळं आहे. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला होडी उलटून १७ जण गेले. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. पुराच्या पाण्यात काठावर उभ्या बायाबापड्यांना ‘तुम्ही पुढच्या फेरीला या’ म्हणणं किती कठीण असतं, हे त्या काठावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून आम्ही पोरांना एकच सोपा नियम शिकवतो : जॅकेट संपली की होडी भरली. दोन चालवणाऱ्यांसह दहा जॅकेट असतील तर आठ प्रवासी. हा नियम होडीच्या दोन्ही बाजूंना ठळक मराठीत रंगवून द्या, म्हणजे नावाड्याला वाद घालावा लागत नाही, बोट दाखवलं की पुरतं.

इंजिन पावसाळ्यात सुरू होत नाही याचं कारण बहुतेक वेळा आदल्या ऑक्टोबरात सापडतं. पेट्रोल टाकीत आणि कार्ब्युरेटरमध्ये तसंच राहतं, सुकून चिकट थर धरतं आणि जेट, म्हणजे इंधनाची बारीक छिद्रं, बुजतात. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते हवेतली ओल खेचतं आणि काही महिन्यांनी पाणी तळाशी वेगळं होतं. म्हणून शेवटच्या वापरानंतर इंधनाची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, टाकी रिकामी करायची. टू-स्ट्रोक इंजिन असेल आणि कंपनीने ५० ला १ प्रमाण सांगितलं असेल तर दहा लिटर पेट्रोलला २०० मिली ऑइल. अंदाजाने ओतलं तर कमी पडल्यास पिस्टन धरतो, जास्त झाल्यास प्लग काळा पडतो. खालच्या गिअरचं ऑइल थोडं काढून पाहायचं, ताकासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी शिरलंय, सील बदलायला हवा. महिन्यातून एकदा पाण्याने भरलेल्या पिंपात इंजिनाचा खालचा भाग बुडवून दहा मिनिटं चालवायचं. कोरडं कधीही नाही, पाणी खेचणारा रबरी पंखा काही क्षणांत जळतो. चालू इंजिनातून बारीक धार बाहेर पडताना दिसली पाहिजे. ती थांबली तर इंजिन तत्काळ बंद. सुटे प्लग दोन, होडी ढकलणाऱ्या पंख्याची शिअर पिन (पंखा आपटला की आधी तुटणारी पिन) दोन, पाना आणि पक्कड एका डब्यात घालून डबा होडीलाच बांधायचा. हे सगळं करायला महिन्याला तासभर आणि दोन लिटर पेट्रोल लागतं. ते दोन लिटर कुठल्या लेखाशीर्षातून द्यायचं, हे ठरलेलं नसल्यामुळे गावोगावी होड्या ताडपत्रीखाली झोपून आहेत.

कृष्णा-पंचगंगेच्या काठी आणखी एक धोका आहे, कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळ्याआधी बरगे (पाणी अडवणाऱ्या, काढता येणाऱ्या फळ्या) काढलेले असले तरी खांबांमध्ये झाडं, उसाचा पाला, तुटलेल्या तारा अडकतात. पाणी आरपार जातं, माणूस आणि होडी तिथे दाबली जाते. पूर आणखी चढला की बंधारा दिसेनासा होतो, वर पाणी सपाट वाटतं आणि खालच्या अंगाला ते उलटं फिरत राहतं, पडलेल्याला बाहेर सोडत नाही. होडी कुठपर्यंत न्यायची याची खूण उन्हाळ्यातच दोन्ही काठांच्या उंच झाडांवर रंगाने करून ठेवली पाहिजे. आणि विजेच्या तारा विसरू नका. एरवी डोक्यावर दहा-बारा हात असणारी तार पुरात होडीतल्या माणसाच्या कानाजवळ येते. महावितरणच्या उपकेंद्रातून फीडर (वीजवाहिनी) बंद झाल्याचा निरोप पथकप्रमुखाला थेट मिळायला हवा. आज तो तीन फोन फिरून येतो, कधी येतच नाही.

लाइफ जॅकेटवर बसायचं नाही, फोम दबला की तरंगण्याची ताकद घटते. उंदीर कुरतडतात, म्हणून जमिनीवर न ठेवता टांगायची. पायांतून येणारा पट्टा कापून टाकलेली जॅकेट आम्हाला नेहमी दिसतात. तो पट्टा नसेल तर बेशुद्ध माणूस जॅकेटमधून खाली निसटतो.

डोंगरातल्या वाड्यांसाठी वेगळं साहित्य फारसं लागत नाही. टिकाव, फावडी, पहारी, घमेली घरोघर असतात. तिथे लागते ती यादी. दरड आल्यावर पहिला प्रश्न असतो : या घरात काल रात्री कोण झोपलं होतं? रेशन कार्डावरची नावं उपयोगाची नाहीत, निम्मे मुंबईला असतात. आशाताई आणि अंगणवाडीताई यांना घरटी माहिती असते. गरोदर कोण, अंथरुणाला खिळलेलं कोण, पोर मामाकडे गेलंय का, म्हातारी कुठल्या खोलीत झोपते. जूनमध्ये एकदा आणि लाल इशारा आला की त्या संध्याकाळी पुन्हा, अशी ही वही भरली गेली तर दुसऱ्या दिवशी येणाऱ्या दलाचे तास वाचतात. वहीच्या दोन प्रती हव्यात आणि दुसरी प्रत वाडीबाहेरच्या घरात ठेवायची, कारण पहिली मातीखाली जाऊ शकते.

हवामान विभागाच्या व्याख्येत २४ तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टीच्याही वरची पायरी. पण तालुक्याच्या ठिकाणचा आकडा डोंगरातल्या वाडीला लागू पडत नाही. प्रत्येक धोक्याच्या वाडीत साधं पर्जन्यमापक द्या, सकाळ-संध्याकाळ नोंद करायला शाळेतली मुलंही शिकतात. त्याबरोबर डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा : घराच्या जोत्याला किंवा बांधाला नवी भेग, दार अचानक अडकू लागणं, खांब-झाडं कलणं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं किंवा आटणं. यातली कुठलीही खूण आणि मोठा पाऊस एकत्र आले की वाडी खाली आणायची. आणायची कुठे, हे ठरलेलं असलं पाहिजे. शाळेची किल्ली गुरुजींकडे आणि गुरुजी तालुक्याला, असं होऊन रात्र वाया गेली की पुढच्या वेळी लोक हलायला तयार होत नाहीत.

ढिगाऱ्यावर काम करताना एक माणूस फक्त डोंगराकडे बघत उभा हवा, गळ्यात शिट्टी. तीन आखूड शिट्ट्या म्हणजे सगळं टाकून पळा. एक लांब शिट्टी म्हणजे थांबा, एकदम शांत. एक लांब आणि एक आखूड म्हणजे पुन्हा कामाला लागा. जगभरच्या बचाव पथकांचा हाच संकेत आहे, त्यामुळे बाहेरचं दल आल्यावर भाषेचा घोळ होत नाही. शांततेचा इशारा मोबाइलवर बोलणाऱ्यांनाही लागू असतो. आत कोणी ठोकत असेल तर तो आवाज पाण्याच्या एका धारेतही हरवतो. आणि ज्याचे पाय कित्येक तास दगडाखाली दबलेले आहेत त्याला आनंदाच्या भरात ओढून काढू नये. दाब सुटल्यावर चेंगरलेल्या स्नायूंतलं विष रक्तात जाऊन हृदय बंद पडू शकतं. डॉक्टर येईपर्यंत बोलतं ठेवा, ऊब द्या, सलाइनची व्यवस्था झाल्यावरच मोकळं करा. आपदा मित्रांच्या उजळणीत या एका मुद्द्याला पुरता तास द्या.

जखमीला खाली आणायला किती माणसं लागतात याचा अंदाज नेहमी चुकतो. स्ट्रेचरला एका वेळी सहा जण. चिखलाच्या उताराच्या वाटेवर दर पाच-दहा मिनिटांनी खांदा बदलावा लागतो, म्हणजे तीन पाळ्या, १८ माणसं, शिवाय पुढे वाट दाखवणारा आणि मागे दोर धरणारे. २० जणांचं पथक एका जखमीत संपतं. घोंगडीची झोळी चालते, पण पाठीला मार असेल तर नको. तेव्हा दाराची फळी किंवा शिडी बरी.

आता कोकणातली खरी अडचण. पथकाची यादी गणपतीत किंवा शिमग्याला केली की २० जणांची भरते. जुलैत हाक दिली की चार जण येतात. बाकीचे चाकरमानी, वसई-विरार, डोंबिवली, पुण्याला. जुलैत गावात असतात बायका, पन्नाशी ओलांडलेले पुरुष आणि शाळेतली मुलं, आणि तीही लावणीच्या चिखलात. आपदा मित्र योजनेची वयोमर्यादा १८ ते ४०. आमचं कळकळीचं सांगणं आहे की यादी जुलैत करा. जे त्या दिवशी गावात आहेत तेच पथक. बचत गटातल्या बायका दोराच्या खालच्या टोकाला, प्रथमोपचाराला, यादीच्या वहीला, संपर्काला उत्तम काम करतात, आणि अँकर बांधण्यात त्या पुरुषांपेक्षा उण्या नाहीत. कारण गाठ जोरावर बसत नाही, लक्ष देऊन बांधली की बसते. पन्नाशीतल्या माणसाला दरीत उतरवू नका, पण ओढ्याला पाणी कुठून येतं आणि २००५ ला ते कुठवर आलं होतं, हे त्यालाच माहीत असतं. त्याला पथकात अधिकृत जागा द्या.

सरावही त्याच हिशेबाने ठेवा. मे महिन्यात हॉलमध्ये किंवा कोरड्या मैदानात झालेला सराव जुलैत उपयोगी पडत नाही, ओल्या दोरावर हात सरकतो, चष्म्यावर पाणी येतं, शिट्टी ऐकू येत नाही. वर्षात चार सराव पुरतात : एप्रिलअखेरीस साहित्य तपासणीचा, मे महिन्यात चाकरमानी सुट्टीला आलेले असताना एक रात्रीचा, जूनच्या मध्यावर भर पावसातला आणि नोव्हेंबरात वर्षाचा आढावा घेणारा. सरावाच्या दिवशी रोजगार बुडतो, तेवढी मजुरी आणि जेवण द्या. पंधराव्या वित्त आयोगाने आपत्ती जोखीम निधीतला १० टक्के भाग पूर्वतयारी आणि क्षमताबांधणीला ठेवला होता. पैशाला वाट आहे, ती गावाच्या वेशीपर्यंत आणायची आहे.

विम्याचं बोलायलाच हवं. योजनेतला विमा मुदतीचा असतो, ती संपल्यावर नूतनीकरण कोणी करायचं हे पथकांना ठाऊक नसतं. मदतकार्यात मृत्यू झाल्यास कुटुंबाला ४ लाख रुपयांची सानुग्रह मदत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत बसते, पण सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. तो माणूस मदतकार्यात होता हे सिद्ध कसं करायचं? घटनास्थळी पोहोचल्याबरोबर नावं, वेळ आणि कामाची नोंद करणारा एक माणूस पथकात हवा, आणि त्या नोंदीवर तलाठी किंवा पोलीस पाटलाची त्याच दिवशी सही हवी. रस्त्यावरच्या जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चं संरक्षण आहे. हे प्रत्येक घाटरस्त्याच्या ठाण्यात आणि ग्रामीण रुग्णालयात फलकावर लावा. अजूनही लोक जखमीला हात लावायला पोलिसांच्या चौकशीला भिऊन कचरतात.

बाहेरचं दल आल्यानंतरची अर्धी घटका फार महत्त्वाची असते. त्यांना हवं असतं : बेपत्ता किती, शेवटचे कुठे दिसले, गॅस सिलिंडर आणि विहिरी कुठे, वीज बंद आहे का, वाट कुठून, रात्री कुठे टेकायचं. हे एका कागदावर, एका तोंडून. सरपंच ४० सांगतात, पोलीस पाटील ३२ आणि कॅमेऱ्यासमोर कोणी ६०, असं झालं की दल पुन्हा शून्यातून मोजायला लागतं. आणि माहिती घेऊन झाल्यावर गावच्या पथकाला ‘आता तुम्ही बाजूला व्हा’ म्हणू नका. रात्रभर हाताने माती उपसलेल्या माणसाला दोरीच्या बाहेर उभं केलं की तो पुढच्या वर्षी येत नाही. त्याला दलाच्या प्रत्येक तुकडीबरोबर वाटाड्या म्हणून जोडा, पाळीने झोपायला पाठवा, आणि निघताना दलप्रमुखाने पथकप्रमुखाला सोबत बसवून काय चुकलं, काय जमलं ते सांगावं. तेवढ्या एका तासात पोरगा दोन पावसाळ्यांइतका शिकतो.

शेवटचं, जे कुठल्याच अहवालात येत नाही. गावच्या पथकाला ढिगाऱ्यातून काढावं लागतं ते ओळखीचं माणूस असतं, भजनातला सोबती, वर्गातली मैत्रीण, सख्खी आत्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हातमोजे आणि कापूर यांनी वास भागत नाही. महिन्याभराने झोप उडते, काही जण दारूला लागतात, काही जण डोंगराकडे बघायचं टाळतात. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे, पण हे पोरगं स्वतःहून फोन लावणार नाही. जिल्हा रुग्णालयातला समुपदेशक घटनेनंतर दहाव्या दिवशी आणि मग दोन महिन्यांनी गावात यावा, देवळात किंवा शाळेत सगळ्या पथकासोबत बसावा. त्या दिवशी तालुक्याचा एक अधिकारीही चहाला आला तर फार बरं होईल.

येत्या ३१ मेपूर्वी प्रत्येक पथकाकडून तीन वह्या मागवा : दोराची, इंजिनाची आणि घरटी माणसांची. त्या वाचायला एक जाणता माणूस बसवा. ज्या गावाच्या वह्या येणार नाहीत किंवा कोऱ्या येतील, तिथे जूनच्या पहिल्या आठवड्यात नोटीस नको, एक प्रशिक्षक आणि ६० मीटरचा नवा दोर पाठवा. प्रशिक्षक लागले तर आम्ही येतो.

आपले,
सह्याद्रीच्या घाटांत आणि नदीकाठी गावपथकांना शिकवणारे प्रशिक्षक